घरी कोण राहिले? : व्हिक्टर पोपकोव्हची मेझेनकाठची चित्रे



ज्या शाळेच्या बाकावर बसून आपण अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा प्रसंग यावा, यापरते भाग्य नाही. संकोचही तितकाच वाटतो. कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांसमोर आमच्यापैकी कोणाची जीभ फारशी उचलत नसे.

सर इतिहास शिकवीत. त्यांची एक सवय येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. लढाईचा पाठ संपला, सन, सेनापती आणि तहाची कलमे फळ्यावर लिहून झाली, की ते खडू खाली ठेवीत आणि विचारीत, की एवढी माणसे रणांगणावर गेली तेव्हा मागे घरी कोण राहिले, आणि लढाई संपल्यावर त्यांचे काय झाले? पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नसे. पण बेळगावच्या मुलांना तो प्रश्न परका नव्हता. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, त्या गावातल्या कोणत्याही वर्गात फौजी घरांतली दोन-चार मुले असतातच. त्यांना उत्तर ठाऊक असे. फक्त ते उत्तरपत्रिकेत लिहावयाचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसे.

आज मी ज्या चित्रकाराविषयी बोलणार आहे, त्याने हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि रंगांत त्याचे उत्तर दिले. तो आपल्यापासून फार दूरचा आहे. रशियाच्या उत्तर टोकाला, श्वेत समुद्राला मिळणाऱ्या मेझेन नदीच्या काठची खेडी आणि तेथील वृद्ध स्त्रिया हा त्याच्या चित्रांचा विषय. चित्रकाराचे नाव व्हिक्टर पोपकोव्ह. जन्म मॉस्कोत, १९३२ साली. मृत्यू मॉस्कोतच, १९७४ साली. उणीपुरी बेचाळीस वर्षांचे आयुष्य.

आमच्या पिढीला रशियाची ओळख झाली ती वाचनालयात येणाऱ्या सोव्हिएत मासिकांतून. गुळगुळीत कागद, झगझगीत रंग. त्यांवर धरणे, पोलाद कारखाने, ट्रॅक्टरवर बसलेल्या हसऱ्या तरुणी. त्या छायाचित्रांतला रशिया खोटा होता असे मी म्हणणार नाही. धरणे खरी होती. परंतु त्या देशात हसण्याचे कारण उरले नव्हते अशीही माणसे लक्षावधींच्या संख्येने राहत होती, आणि त्यांच्यासाठी त्या पानांवर जागा नव्हती. पोपकोव्हचे वैशिष्ट्य असे, की त्याने आधी धरणाचे चित्र काढले, आणि मग या माणसांचे.

उत्तरेकडील प्रदेश

चित्रांकडे वळण्यापूर्वी तो मुलूख समजून घेतला पाहिजे. अर्खांगेल्स्क प्रांताच्या ईशान्येस मेझेन नदी वाहते. तिच्या मुखापासून उत्तर ध्रुववृत्त फार दूर नाही. उन्हाळ्यात रात्र काळोखी होत नाही, हिवाळ्यात दिवस जेमतेम उजाडतो. शेती तुटपुंजी. सूचिपर्णी अरण्य, नदीतले मासे, समुद्रातील सील आणि कुरणांवरची जनावरे यांच्यावर माणसाची गुजराण. मध्ययुगात नोव्हगोरोडच्या बाजूने आलेल्या लोकांनी हा प्रदेश हळूहळू वसविला. मंगोल स्वाऱ्यांची झळ येथवर पोहोचली नाही. मध्य रशियात शेतकरी जमीनदाराच्या मालकीचा भूदास झाला, तशी खासगी वेठबिगारीही येथे रुजली नाही. येथील शेतकरी दरिद्री असला, तरी त्याच्या डोक्यावर जमीनदार नव्हता. या मोकळेपणाची खूण तेथल्या घरांत दिसते. जाड ओंडके एकावर एक रचून बांधलेली ही घरे प्रचंड असतात. माणसांच्या खोल्या, गोठा आणि गवताचा माळा, सारे एकाच छपराखाली; म्हणजे बर्फाच्या दिवसांत गुरांना चारा घालण्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. आढ्याच्या टोकाला लाकडात कोरलेले घोड्याचे मुंडके असते.

घरात शिरताच प्रथम नजरेस पडते ती भिंतीएवढी भट्टीवजा चूल. तिच्यावर स्वयंपाक होतो, भाकरी भाजली जाते आणि थंडीत म्हातारी माणसे आणि मुले तिच्याच माथ्यावर निजतात. चुलीच्या समोरच्या कर्णावर घरातील पवित्र कोपरा. देवचित्रे तेथे मांडलेली असतात आणि जेवणाचे मेजही तेथेच. रशियन भाषेत या कोपऱ्याला ‘लाल कोपरा’ म्हणतात. जुन्या रशियनमध्ये ‘लाल’ या अर्थाच्या शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा होता. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण पोपकोव्हच्या चित्रांत लाल रंगाला मोठे स्थान आहे.

हा प्रदेश बाजूला पडलेला, म्हणूनच इतरत्र लोपलेल्या गोष्टी येथे टिकून राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन विद्वानांना शोध लागला, की कीव्हच्या प्राचीन वीरांची जी गाणी अन्यत्र विसरली गेली, ती उत्तरेतील अक्षरशत्रू शेतकरी अजून मुखोद्गत म्हणतात. १८९९ ते १९०१ या काळात ग्रिगोरियेव्ह नावाच्या तरुण अभ्यासकाने पिनेगा, कुलोय आणि मेझेन या नद्यांच्या काठी फिरून अशी गाणी उतरवून घेतली. पिनेगाकाठची मारिया क्रिव्होपोलेनोव्हा ही भीक मागून पोट भरणारी म्हातारी १९१५ साली मॉस्कोला नेण्यात आली आणि तिचे गाणे ऐकायला शहरातील सभागृहे भरली. चित्रकारही मागे नव्हते. परीकथांच्या चित्रांमुळे जगभर पोहोचलेला इव्हान बिलिबिन १९०२ ते १९०४ या वर्षांत उत्तरेत हिंडला. भरतकाम, कोरीवकाम, स्त्रियांचे सणासुदीचे पोशाख जमवीत आणि लाकडी चर्चची छायाचित्रे घेत. त्याच्या डोळ्यांसमोर ही कला मावळत होती आणि ती वाचविण्याची त्याची तळमळ खरी होती.

पण बिलिबिनच्या पिढीला उत्तरेत मुख्यत्वे वस्तू दिसली: पेटीतून काढलेले वस्त्र, चातीवरची नक्षी, छपरावरचा घोडा. त्या वस्तू वापरणाऱ्या बाईच्या मनाचा इतिहास लिहिणे हे त्यांचे काम नव्हते. ते काम साठ वर्षांनी पोपकोव्हकडे आले, आणि तोवर मधल्या काळात त्या बाईवर बरेच काही गुदरून गेले होते.

आकडे आणि माणसे

१९२९-३० पासून सक्तीची सामुदायिक शेती आली. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने आक्रमण केले आणि खेड्यांतले धडधाकट पुरुष आघाडीवर गेले. उत्तरेतील बाईला वाट पाहणे नवे नव्हते. नवरा समुद्रावर जावा आणि तिने महिनोन् महिने किनाऱ्याकडे डोळे लावून बसावे, ही तेथली जुनीच रीत. परंतु समुद्र एका वेळी गावातली थोडी माणसे गिळतो. या युद्धाने पुरुषांची पिढीच नेली. नांगरट, कापणी, मासेमारी, लाकूडतोड, ओंडके नदीत सोडणे ही सारी कामे स्त्रिया, म्हातारे आणि पोरे यांच्यावर पडली. १९४२ मध्ये सामुदायिक शेतीवरील सक्तीच्या कामाच्या दिवसांची किमान संख्याही वाढविण्यात आली. पिनेगाकाठच्या वेर्कोला गावात जन्मलेल्या फ्योदोर अब्रामोव्ह याने आपल्या १९५८ च्या ‘भाऊ आणि बहिणी’ या कादंबरीत याच काळाचे चित्र रंगविले आहे. त्याआधी, १९५४ साली, सोव्हिएत कादंबऱ्यांतील खेडे खोटे गोड रंगविलेले असते असा लेख त्याने लिहिला, तेव्हा त्याला अधिकृत रोषाला तोंड द्यावे लागले होते.

युद्धात किती माणसे गेली? इतिहासाच्या विद्यार्थ्याने या आकड्याचा प्रवास पाहण्याजोगा आहे. १९४६ मध्ये स्टालिनने सुमारे सत्तर लाख हा आकडा सांगितला. १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हने दोन कोटी म्हटले. १९९० मध्ये गोर्बाचेव्हने जवळजवळ दोन कोटी सत्तर लाख हा आकडा दिला. चव्वेचाळीस वर्षांत आकडा जवळजवळ चौपट झाला. मेलेली माणसे तेवढीच होती. फक्त ती मोजण्याची राज्यकर्त्यांची तयारी हळूहळू वाढत गेली. १९५९ च्या जनगणनेत पुरुष सुमारे ९ कोटी ४० लाख, तर स्त्रिया सुमारे ११ कोटी ४८ लाख भरल्या. दोन कोटींहून अधिक असलेल्या या तफावतीत आधीची युद्धे, दुष्काळ आणि दडपशाही यांचाही वाटा आहे. पण मोठा वाटा या युद्धाचा.

या स्त्रियांना राज्याने काय दिले? विजयदिनाची सुट्टी १९४७ च्या अखेरीस रद्द झाली, ती १९६५ मध्येच पुन्हा सुरू झाली. सामुदायिक शेतीवर राबणाऱ्यांना सर्वसाधारण निवृत्तिवेतन देणारा कायदा १९६४ साली झाला. किमान रक्कम महिना बारा रूबल. देशांतर्गत प्रवासासाठी आणि शहरात राहण्यासाठी लागणारे पारपत्र या खेडुतांना सरसकट देण्याचा निर्णय १९७४ साली झाला. म्हणजे ज्या बाईने नवरा दिला, तिला आपल्या मर्जीने गाव सोडण्याचा हक्क मिळायला युद्धानंतर तीस वर्षे जावी लागली.

१९६६ च्या डिसेंबरात अज्ञात सैनिकाचे अवशेष मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीपाशी समारंभपूर्वक पुरण्यात आले आणि पुढील मे महिन्यात तेथे अखंड ज्योत प्रज्वलित झाली. ते योग्यच झाले. पण त्याच १९६६ साली एका चित्रकाराने दुसरे एक स्मारक पुरे केले होते. ते पडलेल्या सैनिकाचे नव्हते. त्याच्यामागे जगत राहिलेल्या बाईचे होते.

धरणाकडून नदीकडे

पोपकोव्ह कामगार घरातला. तो नऊ वर्षांचा असताना, १९४१ मध्ये, त्याचे वडील आघाडीवर मारले गेले. आईने पुन्हा लग्न केले नाही. एकटीने मुले वाढविली. पुढे मॉस्कोच्या सुरिकोव्ह कला संस्थेत त्याने येव्हगेनी किब्रिक या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली रेखाकलेचे शिक्षण घेतले. १९६०-६१ मध्ये त्याने ‘ब्रात्स्कचे बांधकामकर्ते’ हे चित्र काढले. सैबेरियातील प्रचंड धरणावर राबणारे कामगार काळ्याभोर पार्श्वभूमीवर एका ओळीत, थेट आपल्याकडे पाहत उभे आहेत. मासिकांतले हसू त्यांच्या चेहऱ्यावर नाही. त्या काळच्या तरुण चित्रकारांच्या या पद्धतीला पुढे ‘कठोर शैली’ असे नाव पडले. चित्र त्रेत्याकोव्ह संग्रहालयात गेले आणि तिशीच्या आतच पोपकोव्हचे नाव झाले.

त्या वाटेने तो आणखी अनेक धरणे रंगवू शकला असता आणि सन्मानही मिळवू शकला असता. त्याऐवजी साठच्या दशकाच्या मध्यास तो मेझेनकाठी गेला. पुढे त्याने त्या मुक्कामातील एक प्रसंग सांगून ठेवला आहे. ज्या घरी तो उतरला होता, त्या घरमालकिणीच्या मैत्रिणी एके दिवशी तिच्याकडे जमल्या. खाणे झाले, घरी केलेले मद्य झाले, जुन्या गोष्टी निघाल्या आणि बोलता बोलता खोलीत एक परका माणूस बसला आहे याचाही त्यांना विसर पडला. तो ऐकत राहिला. आणि एकाएकी त्याच्या मनात आले, की या सगळ्या एकट्याच का? यांचे पुरुष कोठे आहेत? या तरुण असताना कशा दिसत असतील, आणि ते सुख पाहिलेले, या स्वतः सोडल्या तर, दुसरे कोण उरले आहे?

सरांचा प्रश्न तो हाच.

‘आठवणी. विधवा’

या प्रसंगातून १९६६ चे ‘आठवणी. विधवा’ हे चित्र जन्मले. चित्र मोठे आहे. रुंदी दोन मीटरांहून अधिक. खोली साधी, ओंडक्यांच्या भिंतींची, राखाडी-निळसर, थंड उजेडाची. त्यात या वृद्ध स्त्रिया. त्यांच्या आकृती लांबट, काहीशा ताठ. चेहरे उन्हावाऱ्याने कोरून काढल्यासारखे. कोणी रडत नाही, कोणी कोणाचे सांत्वन करीत नाही. प्रत्येकीची दृष्टी स्वतःच्या आत वळलेली. आणि त्या करड्या खोलीत त्यांची वस्त्रे लालबुंद, किरमिजी, पेटल्यासारखी.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला शंका यावी, आणि ती योग्यच आहे. १९६६ सालच्या सोव्हिएत खेड्यातल्या म्हाताऱ्या विधवा अशी लाल वस्त्रे नेसून बसत होत्या काय? पुरावा म्हणून हे चित्र घेतले, तर ते पोशाखाचा पुरावा ठरणार नाही. बिलिबिनने नोंदविलेला पोशाख आणि पोपकोव्हने रंगविलेला पोशाख यांत हा फरक आहे. पोपकोव्हच्या चित्रातील लाल रंग त्या स्त्रियांच्या अंगावर नाही. त्यांच्या आठवणीत आहे. त्यात त्यांच्या लग्नाचा, तारुण्याचा रंग आहे, रक्ताचा आहे, ज्या राज्याने त्यांचे पुरुष नेले त्याच्या निशाणाचाही आहे. आणि तो रशियन देवचित्रांतला रंग आहे. उत्तरेतील जुन्या देवचित्रांत सपाट, प्रखर लाल पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा दिसते. आकृतींची लांबी, त्यांचे समोर तोंड करून स्तब्ध असणे, खोलीची कमी खोली, हे सारे पोपकोव्हने त्या परंपरेकडून घेतले आहे. घराच्या ज्या कोपऱ्यात संतांच्या प्रतिमा असत, तेथे जणू त्याने या बायकांना बसविले. निरीश्वरवादी राजवटीत, सरकारी प्रदर्शनासाठी काढलेल्या चित्रात त्याने हे केले, हे विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या स्त्रिया केविलवाण्या नाहीत. शहरातून आलेल्या कलावंताला खेड्यातील दुःख दिसले, की दया दाखविण्याचा मोह होतो. दयेत पाहणारा वर असतो आणि दिसणारा खाली. पोपकोव्हच्या चित्रात तसे नाही. त्याने ब्रात्स्कच्या कामगारांना जी ताठ उभारी दिली होती, तीच या म्हाताऱ्यांना दिली. धरण बांधणारे हात आणि पुरुषांवाचून गाव चालविणारे हात यांत त्याने डावेउजवे केले नाही.

‘उत्तरेचे गीत’

दोन वर्षांनी, १९६८ साली, ‘उत्तरेचे गीत’ हे चित्र आले. त्याच्या पूर्ण शीर्षकात साऱ्या नवऱ्यांना लढाईवर नेल्याचा उल्लेख आहे. चित्रातील बायका तेच गाणे म्हणत आहेत. खोली तशीच, खेड्यातली. एका बाजूला रांगेने बसलेल्या गाणाऱ्या स्त्रिया. दुसऱ्या बाजूला शहरातून लोकगीते जमवायला आलेली तरुण मंडळी. ग्रिगोरियेव्हच्या काळापासून चालत आलेला हा देखावा. उत्तरेतील किती घरांत असे शहरी पाहुणे येऊन बसले असतील, वह्या उघडल्या असतील, आणि पुढच्या काळात ध्वनिमुद्रणाची यंत्रे लावली असतील!

पण वीरांची पुरातन गाणी घ्यायला आलेल्या पाहुण्यांना या बायकांनी वेगळेच काही दिले. गाणे जुन्या चालीचे असेल. त्यातले नवरे मात्र त्यांचे स्वतःचे आहेत. ऐकणारे तरुण युद्धाच्या वेळी लहान मुले होती, काही तर जन्मलीही नव्हती. पोपकोव्हने त्यांच्या चेहऱ्यांवर जे रंगविले आहे त्याला मी अवघडलेपण म्हणेन. आपण काहीतरी जमवायला आलो होतो आणि आपल्यालाच काही देणे आहे, असे ज्याच्या ध्यानात येते त्याचे ते अवघडलेपण. कोणताही इतिहाससंशोधक, लोकसाहित्याचा अभ्यासक, किंबहुना घरातल्या आजीला जुन्या गोष्टी विचारणारा कोणताही नातू, कधीतरी त्या बाजूला बसलेला असतो.

या चित्राचा काळही बोलका आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत सोव्हिएत नियोजनकारांनी हजारो लहान खेड्यांना ‘भवितव्य नसलेली’ असे ठरविले. अशा खेड्यांत शाळा, दुकान, दवाखाना यांवर खर्च करावयाचा नाही आणि माणसांना मोठ्या वस्त्यांत हलवावयाचे, असे ते धोरण होते. उत्तरेस त्याचा फटका अधिक बसला, कारण तेथील खेडी मुळातच लहान आणि विखुरलेली. शाळा बंद झाली की तरुण कुटुंबे जात. मागे राहत त्या म्हाताऱ्या. १९८० च्या सुमारास हे धोरण मागे पडले, पण तोवर अनेक गावे ओस पडली होती. आपण येथे एका शाळेच्या सभागृहात बसलो आहोत. गावातून शाळा जाणे म्हणजे काय, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

वडिलांचा ओव्हरकोट

पोपकोव्हने मेझेनच्या स्त्रियांना नंतरही सोडले नाही. १९७० ते १९७२ या काळात त्याने ‘वडिलांचा ओव्हरकोट’ हे चित्र काढले. त्यात तो स्वतः उभा आहे, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, म्हणजे युद्धात मारल्या गेलेल्या बहुतेक बापांपेक्षा वयाने मोठा. अंगावर सैनिकाचा जुना जाड ओव्हरकोट चढवून तो पाहतो आहे, की आपल्याला बसतो का. आणि त्याच्या पाठीमागे, हिरवट-निळ्या अंधुक अवकाशात, तांबूस वस्त्रांतल्या त्याच मेझेनकाठच्या विधवा पुन्हा उभ्या आहेत.

कोट अंगाला बसतो की नाही, हा शिंप्याचा प्रश्न नाही. बाप गेले तेव्हा ते ज्या वयाचे होते, त्या वयाला आम्ही पोहोचलो. त्यांचे ओझे उचलण्याजोगे आम्ही झालो का, असे एक अख्खी पिढी स्वतःला विचारते आहे. मागच्या स्त्रिया निवाडा करीत नाहीत. त्या नुसत्या साक्षीला आहेत. उत्तरेत भेटलेल्या अनोळखी बायका आणि मॉस्कोत एकटीने मुले वाढविणारी स्वतःची आई, यांची जोड या चित्रात लागते. पहिल्या चित्रात तो खोलीतला परका होता. येथे तो त्यांच्यापैकी एकीचा मुलगा आहे.

त्याने खेड्याचा निरोप घेणारे आणखी एक मोठे चित्र याच वर्षांत काढले, ‘अनिस्या आजी भली बाई होती’ हे. ते उत्तरेचे नाही, मध्य रशियातले आहे: शरद ऋतूतले मोठे झाड आणि एका म्हातारीच्या अंत्यविधीला जमलेले गाव. मेझेनच्या स्त्रियांची पिढी आता संपत चालली, ही जाणीव त्यातही आहे.

१२ नोव्हेंबर १९७४ रोजी मॉस्कोत रस्त्यावर मोटार मिळविण्यासाठी पोपकोव्ह एका गाडीजवळ गेला. ती बँकेची रोकड नेणारी गाडी होती. रोकड सांभाळणाऱ्या रक्षकाने त्याच्यावर गोळी झाडली आणि त्यात तो मृत्यू पावला. शांततेच्या काळात, आपल्याच शहरात, कारणावाचून. पुढील वर्षी त्याला मरणोत्तर राज्य पारितोषिक देण्यात आले. योगायोग असा, की त्याच १९७५ साली अब्रामोव्हच्या पिनेगाकाठच्या कादंबऱ्यांनाही राज्य पारितोषिक मिळाले. उत्तरेतील बायकांची गोष्ट सांगणाऱ्या दोघांची दखल राज्याने एकाच वर्षी घेतली. बायकांची घेतली, असे मात्र म्हणता येणार नाही.

समारोप

श्रोतेहो, चित्र हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो, आणि आपण नाणी, शिलालेख, ताम्रपट यांच्या यादीत चित्रांचेही नाव लिहून मोकळे होतो. पोपकोव्हची चित्रे त्या प्रश्नाला अधिक नेमके उत्तर देतात. किती माणसे मेली, हे ती सांगू शकत नाहीत. त्यासाठी जनगणना आहे, कागदपत्रे आहेत, आणि तो आकडा सांगायलाही राज्याला चव्वेचाळीस वर्षे लागली. परंतु एका माणसाच्या नसण्याने उरलेल्या माणसाच्या वीस-बावीस वर्षांचे काय होते, हे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते. ते खोलीत बसून ऐकावे लागते. पोपकोव्हला ते ऐकायला मिळाले, कारण बायका त्याला विसरल्या आणि तो गप्प राहिला.

ज्या महायुद्धाने मेझेनकाठची घरे रिकामी केली, त्याच महायुद्धात आपल्या भागातील मराठा पलटणी इटलीत लढल्या. त्यांच्या पराक्रमाच्या नोंदी आहेत, आणि असाव्यात. त्यांच्या घरांत मागे राहिलेल्या स्त्रियांच्या नोंदी कोठे आहेत? त्या पिढीतील बहुतेक जणी आता हयात नाहीत. पण त्यांच्या सुना, लेकी, नाती आहेत, आणि त्यांनी ऐकलेले अजून पुरते पुसलेले नाही.

म्हणून माझी शाळेला एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षी या व्याख्यानाच्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या घरातील वा शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईचे ऐकलेले बोलणे, तिच्याच शब्दांत, दोन पाने लिहून आणावे. त्यात सन चुकला तरी चालेल. तो आपण इतर साधनांशी ताडून पाहू. शाळेच्या वाचनालयात त्या कागदांची एक फाइल ठेवावी. तिला सरांचे नाव देण्याचीही गरज नाही. पहिल्या पानावर त्यांचा तो प्रश्न लिहिला, म्हणजे पुरे.